गिअरबॉक्सच्या सीलखालचा धागा

मी यादी करणारा माणूस आहे. बाजाराची यादी, लग्नाला बोलवायच्या माणसांची यादी, कुठल्या कुलपाला कुठली किल्ली त्याची यादी. आमची ही सांगते, की तिला पाहायला गेलो तेव्हाही माझ्या खिशात विचारायच्या प्रश्नांचा कागद होता. होता. तेव्हा भिवंडीच्या नारपोलीत स्वतःचं गॅरेज टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात मी काय केलं, ते वेगळं सांगायला नको. पान्यांच्या फळीशेजारी जाड पुठ्ठे टांगले आणि एकेका पुठ्ठ्यावर एकेका कामाच्या पायऱ्या लिहून काढल्या. त्यात ‘गिअरबॉक्स गळती’ हा पुठ्ठा सगळ्यात लांब, सतरा पायऱ्यांचा. आजूबाजूचे मिस्त्री चहाला आले की तो मोठ्यानं वाचत आणि सतरावी पायरी संपली की आरती झाल्यासारखे हात जोडत.

ज्यांचा गाडीशी संबंध आत बसण्यापुरताच आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिअरबॉक्स म्हणजे गाडीच्या पोटाखालची एक बंद लोखंडी पेटी. तिच्यात दातेरी चाकं दाट तेलात फिरत असतात. इंजिनाकडून एक दांडा तिच्यात शिरतो आणि मागच्या चाकांकडे जाणारा दुसरा दांडा तिच्यातून बाहेर पडतो. आता अडचण अशी, की दांडा फिरला पाहिजे आणि तेल मात्र आतच राहिलं पाहिजे. ही दोन्ही कामं एका हातात मावेल एवढी वस्तू करते. तिला सील म्हणतात. सील म्हणजे लोखंडी कडं आणि त्याच्या आतल्या बाजूला काळ्या रबराचा पातळ ओठ. हा ओठ फिरत्या दांड्याला हलकेच धरून राहतो. फार घट्ट धरला तर झिजतो, सैल सोडला तर गळतो.

गळती शोधायची तर पहिला प्रश्न, तेल कुणाचं? गाडीखाली थेंब दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, ‘इंजिन गेलं.’ इंजिनाचं तेल काळं आणि पातळ. गिअरचं तेल दाट, मधासारखं चिकट, आणि वासाला असं की एकदा बोटाला लागलं तर संध्याकाळी जेवताना आठवण येते. म्हणून माझी पहिली पायरी, ‘वास घेणे’. ती अनुभवातून आली होती. एकदा एका व्यापाऱ्याच्या गाडीच्या मागच्या बाजूनं गळती होती. मी दोन तास खपून मागचा लांब दांडा उतरवला, सील काढलं, आणि मग लक्षात आलं की डिकीतला शेंगदाणा तेलाचा डबा फुटलाय. व्यापारी म्हणाला, ‘मिस्त्री, वास न्हाय आला?’ वास सकाळपासून येत होता. मला वाटलं, शेजारी कुणीतरी भजी तळतंय.

दुसरा प्रश्न, तेल येतं कुठून? तेल उताराला लागतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं ढकललं जातं. त्यामुळे सगळी पेटी ओली दिसते आणि दोष कुणाचा ते कळत नाही. यावर उपाय म्हणजे आख्खी पेटी घासलेटनं धुवायची, सुकवायची, आणि तिच्यावर तोंडाला लावायची पावडर भुरभुरायची. मग गाडी कोन गावच्या नाक्यापर्यंत नेऊन परत आणायची आणि खाली झोपून पाहायचं. पांढऱ्या पावडरीवर पहिला ओला डाग जिथं, तिथं दोष. पावडर मी घरून आणत असे. आमची ही डब्यावर पेन्सिलीनं खूण करून ठेवू लागली, तेव्हापासून विकत आणू लागलो.

एवढी तयारी असलेल्या माझ्याकडे ऐंशीच्या दशकाच्या मध्यात गायकवाडबाई आल्या.

गायकवाडबाई कोनच्या शाळेत गणित शिकवत. त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी गाडी घेतली होती. त्या काळी रस्त्यावर दोनच जातीच्या गाड्या जास्त दिसत, एक गोल पोटाची आणि एक चौकोनी. बाईंची चौकोनी. स्वतः चालवत, आणि शाळेतल्या आणखी दोन शिक्षिकांना सोबत नेत. रस्त्यावरचे ट्रकवाले मान वळवून बघायचे, बाई बघायच्या नाहीत.

‘मिस्त्री, गाडी गळतेय,’ असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढून माझ्या टेबलावर उलगडला. उत्तरपत्रिकेची कोरी पाठ होती. तिच्यावर तळहाताएवढा तेलाचा डाग, डागाभोवती लाल शाईचं वर्तुळ आणि खाली तारीख.

‘रात्रभर गाडीखाली ठेवला होता,’ बाई म्हणाल्या. ‘व्यास साडेआठ सेंटिमीटर.’

मला उचंबळून आलं. इतक्या वर्षांत माझ्या भाषेत बोलणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटत होतं. मी वास घेतला, गिअरचं तेल. धुतलं, पावडर मारली, कोनला फेरी मारली. डाग मागच्या टोकाला, दांडा बाहेर पडतो तिथं. एक सील बदलून भागलं असतं, पण मी म्हटलं, बाईंचं काम पूर्ण करायचं. गिअरबॉक्स खाली उतरवला. पुढचं सील, मागचं सील, झाकणांखालचे कागदी गॅस्केट, सगळं नवं. सगळा माल इब्राहिमभाईंकडचा.

इब्राहिमभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. कोकणी मुसलमान, भिवंडीतलेच, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आधी घरचे चार लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते, ते विकून दुकान टाकलेलं. चौकोनी गाडीचं मागचं सील म्हटलं की न बघता फडताळात हात घालून तेच सील काढणारा माणूस. नारपोली, कोन, पूर्णा, सगळीकडचे मिस्त्री त्यांच्याकडेच येत.

आठ दिवसांनी बाई परत आल्या. कागद, लाल वर्तुळ, तारीख.

‘बाई, डाग लहान झालाय की,’ मी म्हणालो.

‘लहान झालाय. पण पस्तीस मार्कांच्या खाली आहे तो नापासच,’ बाई म्हणाल्या.

पावडर मारली. पुन्हा मागचंच सील. काढलं, नवं आणलं, बसवलं. सहा दिवसांनी तिसरा कागद. तिसरं सील बसवलं, आठवड्यात चौथा कागद. आता मी पुठ्ठ्यासमोर उभा राहून सतराही पायऱ्या तपासल्या. तेल जास्त भरलंय का? नाही. पेटीतली हवा बाहेर जायचं भोक बुजलंय का? नाही. दांड्यावर सीलच्या जागी खाच पडलीय का? नख फिरवून पाहिलं, गुळगुळीत. सील तिरकं बसलंय का? सरळ. सगळं बरोबर असताना गळतंय, म्हणजे राहिलं काय? सील. सील डुप्लिकेट असणार. माझ्या यादीत सगळं होतं, फक्त मी नव्हतो.

बाईंना तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, ‘हे सिद्ध कसं केलंत?’

‘बाकी सगळं तपासलं ना, बाई.’

‘बाकी सगळं म्हणजे तुम्हाला सुचलं ते सगळं,’ त्या म्हणाल्या आणि चष्मा लावला. मी ते शिक्षकी बोलणं म्हणून सोडून दिलं.

सोडून देऊन गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण त्याच संध्याकाळी टपरीवर चौघं मिस्त्री चहा पीत होते आणि त्यांनी विचारलं, ‘काय, सतरा पायऱ्या, बाईंचं काम झालं का?’ झालं नव्हतं. तीनदा गाडीखाली झोपून झालं नव्हतं. तेव्हा मी म्हणालो, ‘माल डुप्लिकेट असेल तर मिस्त्री काय करणार? इब्राहिमभाईंकडे हल्ली सीलं डुप्लिकेट येतायत.’

मी हे एकदाच नाही बोललो. जो विचारील त्याला बोललो, आणि काही न विचारणाऱ्यांनाही. दोन आठवड्यांनी तीच बातमी कल्याण रस्त्यावरून फिरून माझ्याकडे परत आली. इब्राहिमभाई भंगारातली सीलं धुऊन, रबराला बूटपॉलिश मारून नव्या खोक्यात भरतात, असं तिचं रूप झालं होतं. मला सांगणारा म्हणाला, ‘तुला म्हाईत न्हवतं?’ त्या क्षणी तरी लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझं म्हणणं इतरांनाही पटलं होतं.

मिस्त्र्यांनी माल कल्याणहून आणायला सुरुवात केली. महिना उलटला तेव्हा इब्राहिमभाईंच्या दुकानासमोरून जाताना दिसायचं, की ते एकटेच बसून फडताळावरची धूळ पुसतायत. दुकान सोडून त्यांना दुसरा आधार नव्हता. लूम तर विकलेले.

मग एका शुक्रवारी ते माझ्या गॅरेजवर आले. शुक्रवारी लूम आणि त्यांचा खडखडाट बंद असतो, त्यामुळे साधं बोललं तरी शेजारच्याला ऐकू जातं. ते अगदी हळू बोलले.

‘विलास, तू बोललास का, इब्राहिमचा माल डुप्लिकेट हाय?’

खोटं बोलायचं मनात आलं, पण चहाला आलेले चौघं मिस्त्री ऐकत होते. ‘बोललो,’ मी म्हणालो. ‘तीनदा बसवलं, तीनदा गळलं, इब्राहिमभाई.’

त्यांनी खिशातून सीलचं खोकं काढून टेबलावर ठेवलं. ‘ही चौथी. माझ्यासमोर बसव. गळली तर मी दुकान बंद करतो आणि तुझ्याकडे पाने पुसायला येतो. न्हाय गळली तर बघू.’

बाईंची अजून गळकीच असलेली गाडी त्या दिवशी गॅरेजात उभी होती. मी कामाला लागलो. इब्राहिमभाई स्टूल ओढून गाडीच्या मागं बसले आणि वाकून बघू लागले. मी मुद्दाम एकेक पायरी मोठ्यानं म्हणत होतो, म्हणजे चूक माझी नाही हे सगळ्यांना ऐकू जावं. दांडा उतरवणे. जुनं सील काढणे. बसायची जागा घासून साफ करणे. आणि मग पायरी बारा, जिचा मला फार अभिमान होता. ‘दांडा, जागा आणि सीलचा ओठ वेस्टनं दोनदा पुसणे.’

वेस्ट म्हणजे काय ते भिवंडीबाहेरच्यांना सांगायला हवं. लूमवर कापड विणताना तुटलेले, उरलेले धागे गोळा होतात. त्यांचे पांढरेशुभ्र गुंते पोत्यांनी मिळतात. दुसऱ्या गावचे मिस्त्री जुन्या बनियनी आणि फडकी शोधत फिरतात. आमच्याकडे हात पुसायलासुद्धा रोज नवं सूत. मी ते मूठभर घेतलं, दोनदा पुसलं, सील उचललं.

‘थांब,’ इब्राहिमभाई म्हणाले. ‘दे इकडं.’

त्यांनी सील उजेडाकडे धरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि नखानं ओठाखालून काहीतरी ओढून काढलं. बोटभर लांबीचा एक धागा होता, ओठाच्या आतल्या वळणात असा बसलेला की मला समोर धरूनही आधी दिसला नाही.

‘याला काय म्हनतात?’

‘सूत,’ मी म्हणालो.

‘लूमवर सूत. इथं तिला वात म्हनतात.’ त्यांनी धाग्याचं एक टोक तिथल्या तेलाच्या वाटीत बुडवलं आणि दुसरं काठावरून बाहेर सोडलं. तेल धाग्यात हळूहळू चढलं, काठ ओलांडून पलीकडे उतरलं, आणि टोकाला एक थेंब जमला. आम्ही सगळे त्या थेंबाकडे बघत होतो. तो पडला.

‘एक टोक आत, एक भायेर,’ इब्राहिमभाई म्हणाले. ‘ही सील कुठल्याही कंपनीची असली तरी गळनार. तीनदा तू आत वात लावून दिलीस.’

कुणीतरी विचारलं, की मग बाकीच्यांची सीलं का गळत नाहीत, वेस्ट तर सगळेच वापरतात.

‘बाकीचे पुसतात कुठं?’ इब्राहिमभाई म्हणाले. ‘बोटानं ग्रीस लावतात आणि ठोकतात. हा साफसफाईवाला. हा दोनदा पुसतो.’

मग सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसून करतो काय. पोत्यातलं एक मूठ सूत हातात तसंच होतं. ते कुठं ठेवावं ते कळेना.

इब्राहिमभाई हसले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, ‘जिथं जिथं बोललास तिथं जाऊन सांग. मी सांगितलं तर लोक म्हनतील, दुकानदार हाय, बोलनारच.’

सील मी धुतलेल्या मलमलच्या फडक्यानं पुसून बसवलं. आधी ओठाला बोटानं ग्रीस. बाईंनी लागोपाठ तीन दिवस कागद ठेवला आणि चौथ्या दिवशी तिन्ही कोरे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवले. मी त्यांना धाग्याचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘शाळेत कोऱ्या पेपरला शून्य देते. तुमच्याकडे पैकीच्या पैकी द्यावे लागतायत.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘दुकानदारांच्या त्या गोष्टीचं काय केलंत?’

काय करणार? यादी केली. कुणाकुणाला बोललो ते आठवून वहीत लिहिलं. एकवीस नावं निघाली. स्कूटरवर बसून मी एकेका गॅरेजला जाऊ लागलो. मला वाटलं होतं, कामाच्या पायऱ्यांसारखंच, गेलो, सांगितलं, खूण केली, पुढं.

पहिल्यानं ऐकून घेतलं आणि डोळा मारला. दुसरा म्हणाला, ‘समजलो, समजलो. तुम्ही दोघं शेजारी, मिटवून घेतलंत.’ तिसऱ्याला मी धाग्याचं सांगितलं तर तो म्हणाला, की इतक्याशा सुतानं गळत असतं तर भिवंडीत एक गाडी कोरडी राहिली नसती. पूर्ण्याचे भोईर मिस्त्री तर सगळ्यात जुने. त्यांनी मला बसायला खाट दिली, चहा दिला, सगळं नीट ऐकलं आणि शांतपणे विचारलं, ‘इब्राहिमनं तुला धमकी दिली का रं?’

‘नाही हो, दादा. चूक माझीच होती.’

‘तुझी कशी असंल? तू तर लिवून काम करतोस.’

माझ्या यादीवर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विश्वास ठेवला, तो असा नको त्या वेळी. डुप्लिकेट मालाची गोष्ट लोकांना एका वाक्यात पटली होती. माझी चूक पटवायला एकवीस फेऱ्या मारल्या आणि चारच खुणा झाल्या. इब्राहिमभाईंच्या दुकानात त्या आठवड्यात आलेली दोन गिऱ्हाइकं पत्ता विचारायला आली होती.

तेव्हा मी बोलणं बंद केलं आणि एक यंत्र केलं. यंत्र म्हणजे एका फळीवर पत्र्याचे दोन डबे समोरासमोर ठोकले. दोन्हींत गिअरचं तेल. दोघांच्या समोरच्या भिंतींत एकेक सील, एकाच खोक्यातून काढलेलं. मधून एक जुना गुळगुळीत दांडा, त्याची टोकं दोन्ही डब्यांत, आणि मध्ये हातानं फिरवायला लाकडी पुली. डावीकडच्या सीलच्या ओठाखाली मी माझ्या हातानं एक धागा ठेवला. उजवीकडे ठेवला नाही. खाली पांढरा कागद. ते उचलून इब्राहिमभाईंच्या काउंटरवर नेऊन ठेवलं.

‘ह्ये काय?’

‘फिरवा.’

त्यांनी पुली फिरवली. बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या बाजूला थेंब आला, उजवी कोरडी. त्यांनी आणखी फिरवली. डाव्या बाजूला दुसरा थेंब.

‘लोक विचारतील, कुनी बनवलं?’

‘माझं नाव सांगा,’ मी म्हणालो. ‘आणि का बनवलं, तेही.’

त्यांनी सांगितलं, पुरेपूर सांगितलं. एका आठवड्यात दुकानासमोर पुली फिरवायला मिस्त्री थांबू लागले. पानाला बाहेर पडलेला मिस्त्री दोन गल्ल्या वाकडी वाट करून येई, पुली फिरवी, थेंब पडला की माझं नाव घेऊन हसे, आणि आलाच आहे तर एखादं सील, एखादा गॅस्केट घेऊन जाई. मी रस्त्यानं गेलो की लांबून कुणीतरी हवेत पुली फिरवून दाखवी. गॅरेजवर येणारी गिऱ्हाइकंसुद्धा गाडी देताना म्हणत, ‘मिस्त्री, जास्त पुसू नका.’ कुणाचंही वेस्टचं पोतं गेलं नाही, पण सीलजवळ ते आणणं नारपोलीत तरी बंद झालं. इब्राहिमभाईंच्या फडताळावर धूळ बसायला जागा राहिली नाही.

वर्ष-दीड वर्ष गेलं. आले नव्हते ते फक्त पूर्ण्याचे भोईर मिस्त्री. ते अजून कल्याणहूनच माल आणत, आणि त्यांच्याकडे बघून पूर्ण्याकडचे बाकीचेही. मी दोनदा इब्राहिमभाईंना म्हणालो, की आता ती फळी काढा, सगळ्यांना समजलंय. ते म्हणत, ‘सगळ्यांना न्हाय.’

एक दिवस काउंटर रिकामं दिसलं. फळीच्या जागी चौकोनी तेलकट खूण तेवढी होती. मला इतकं हलकं वाटलं की मी आत जाऊन बसलोच.

‘काढली एकदाची?’

‘भोईर आला व्हता,’ इब्राहिमभाई म्हणाले. ‘अर्धा तास पुली फिरवत उभा व्हता. मग दोन डझन सील घेतल्या. म्हनाला, आमच्याकडची पोरंपन वेस्टनंच पुसतात, ही फळी मला दे, गॅरेजात लावतो.’

‘दिली?’

‘दिली तर. पूर्ण्यातल्या लोकांना कळायला नको?’ त्यांनी फडताळातून लाल ऑइलपेंटचा डबा काढून दाखवला. झाकण अजून ओलं होतं. ‘तुझं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. गॅरेजचा पत्ता पन. दुसऱ्या कुना विलासवर नाव यायला नको.’

त्यानंतर पूर्ण्याच्या बाजूचं काम आलं की मी स्वतः तिकडं न जाता गिऱ्हाइकाला सांगत असे, गाडी तुम्हीच घेऊन या.